नावासाठी सोडलेली जागा

ओल्या पाल्याचा वास मला आधी आठवतो आणि मग आत्तीचा चेहरा. तेंदूची पाने पाण्यात भिजवून गोणपाटात गुंडाळून ठेवलेली असत. सकाळी ते गाठोडे सोडले की जो वास सुटे तो जंगलाचा नसे आणि घराचाही नसे. तुरट, थंड, तळाशी किंचित कुजट. त्यावर सुपातल्या तंबाखूची कोरडी, नाकात चढणारी धूळ येऊन बसे. निपाणीच्या त्या गल्लीत बहुतेक उंबऱ्यांवर एक सूप आणि सुपामागे एक बाई असे. वासाच्या पाठोपाठ कात्र्यांचा आवाज सुरू होई. पान कापताना कात्री दोनदा मिटे आणि मग उघडीच थांबे. त्या थांबण्यात बाई पान फिरवून घेई. कच्, कच्, आणि एक रिकामी मात्रा. आत्तीची सगळी गाणी याच चालीवर बेतलेली होती, हे मला फार पुढे, बेळगावच्या कॉलेजात मुलांना छंद शिकवताना फळ्यापाशी उभी असताना कळले.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. सदलग्याकडे दिली होती. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवरा गेला आणि ती निपाणीला परतली. दोन खोल्या, एक चूल, एक सूप. मूल नव्हते. आमचे बिऱ्हाड वडिलांच्या नोकरीमुळे बेळगावला, त्यामुळे माझ्या सगळ्या सुट्ट्या तिच्या वाट्याला जात. ती विड्या वळी आणि गाणी गाई, आणि यातले मुख्य काम कोणते हे मला लहानपणी कधी ठरवता आले नाही.

लग्नसराईत तिला हळदीच्या गाण्यांसाठी बोलावणे येई. नवरा नसल्याने ती हळद लावत नसे, गात मात्र तीच असे. त्याचे पैसे ठरलेले नसत. खण, नारळ आणि जेवण. मांडवात शिरली की ती सर्वांत आधी तीन नावे विचारी: नवरीचे, नवरीच्या आईचे आणि मामाचे. ही नावे गाण्यात घालावी लागतात. आमच्याकडच्या बायका मानतात की नाव न घेता लावलेली हळद अंगाला लागत नाही, नुसती धुऊन जाते. आत्तीचे सर्वांत मागितले जाणारे गाणे असे सुरू होई:

उतरंडीच्या तळी गं, हळद ठेविली जपून
आज काढिली कुणासाठी गं, आज काढिली कुणासाठी

इथे ती थांबे. बोटे पितळी वाटीच्या काठावर दोनदा वाजत आणि तिसऱ्या वेळी हवेतच राहत. मग सगळ्या बायका मिळून नवरीचे नाव गात, प्रत्येकीच्या गळ्यात वेगळे, पुढेमागे, विस्कटलेले. नाव घेऊन झाले की आत्ती पुन्हा सूर उचले. नाव ऐकताना नवरीचा चेहरा कसा होतो ते मी अनेकदा पाहिले आहे. रोज हाकेसाठी वापरलेले स्वतःचेच नाव तिला प्रथमच कुणीतरी हातात दिल्यासारखे वाटत असावे.

निपाणीच्या बसस्टँडजवळ कॅसेटचे एक दुकान होते. दुकानदाराला सगळे अण्णा म्हणत. कोल्हापूरच्या गाड्या लागत तिथे त्याचे दोन भोंगे दिवसभर ओरडत असत. कुणाच्या तरी लग्नात त्याने आत्तीला ऐकले आणि दुसऱ्याच दिवशी गल्लीत येऊन म्हणाला, "आक्का, तुझी कॅसेट काढायची."

समोरच्या उंबऱ्यावरची म्हातारी सुपातून मान न उचलता म्हणाली, "काढ बाबा काढ. पर आदी तिच्या वाटणीच्या हजार विड्या कोन वळनार त्ये सांग."

दुकानाच्या मागच्या खोलीत भिंतींना घोंगड्या टांगून त्याने ध्वनिमुद्रण केले. मी तेव्हा सातवीत होते आणि हट्टाने सोबत गेले होते. पहिल्याच गाण्यात अडचण आली. नावाची जागा आल्यावर आत्ती थांबली ती थांबलीच.

"घाल की एकांदं नाव," अण्णा म्हणाला.

"कुनाचं घालू?"

"कुनाचं बी."

"कुनाचं बी कसं घालू रं? एका पोरीचं घातलं तर बाकीच्या पोरींची हळद रिकामी जाईल की."

"मग?"

"जागा सोडायची. ज्येच्या घरात वाजंल त्येनं आपल्या लेकीचं नाव घालावं."

"आक्का, टेप कोरीच फिरंल तितकी. लोक म्हनतील अण्णानं बिघडकी कॅसेट गळ्यात मारली."

"लोक म्हनतील. बायका न्हाय म्हननार."

आणि तसेच झाले. पहिल्या आठवड्यात दोन पुरुष भांडत दुकानात आले, मधेच आवाज जातो म्हणून. अण्णाने पैसे परत दिले नाहीत. "घरात न्हेऊन बायकास्नी ऐकीव, मग ये," एवढेच म्हणाला. दोघेही पुन्हा आले नाहीत. उलट त्यांच्या गल्लीतून आणखी चार कॅसेटची मागणी आली. पुढे चिकोडी, हुक्केरीकडच्या कन्नड बायकाही ती नेऊ लागल्या. गाण्याचे शब्द त्यांना अर्धेमुर्धे कळत, पण मधली जागा पूर्ण कळे, आणि त्या जागेत त्यांच्या लेकींची नावे अगदी नेमकी बसत.

विकल्या गेलेल्या प्रत्येक कॅसेटमागे अण्णा तिला ठरलेली रक्कम देई. बाजाराच्या दिवशी ती दुकानात जाई, चहा पिई आणि पदराच्या गाठीत पैसे बांधून परत येई. फार नव्हते, पण विड्यांच्या मजुरीहून कमी नव्हते, आणि त्याच वर्षी ही गोष्ट अत्यंत महत्त्वाची ठरली. तिला खोकला धरला होता. पावसाळा संपला तरी तो गेला नाही. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकले आणि मग तिला न सांगता माझ्या वडिलांना सांगितले: तंबाखूची धूळ आत बसली आहे, विडी ओढली काय आणि वळली काय, छातीला सारखेच, हिने सूप सोडले तर बरीच वर्षे काढील, नाही सोडले तर दम सोडील.

आत्तीने सूप सोडले. ते पालथे करून माळ्यावर टाकले, कात्री तेल लावून फडक्यात गुंडाळली. पुढची वीस-बावीस वर्षे ते सूप माळ्यावर होते. कॅसेटी तीन निघाल्या. खोकला आधी रात्रीपुरता उरला, मग थंडीपुरता. घरातला पाल्याचा वास हळूहळू विरला, आणि त्या जागी काय आले असेल तर साधा भाकरीचा वास. सुट्टीत गेल्यावर मी तो छातीभर घेत असे. आत्तीचे आयुष्य त्या वासावर तोललेले होते. गाणे विकले गेले तर भाकरी, नाही तर पाला. तिसरे काही नव्हते.

मग कॅसेटी मेल्या. अण्णाच्या दुकानात मोबाईलची कव्हरे लटकू लागली. लोक एक छोटेसे कार्ड घेऊन येत आणि पन्नास रुपयांत हजार गाणी भरून नेत. त्यात आत्तीही फुकट जाई. एकदा मी तिच्यासोबत दुकानात गेले तेव्हा अण्णा भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, "आक्का, कॅसेट आता ह्या घड्याळागत झाली बघ. टाइम समदी मोबाईलात बघत्यात. घड्याळ आपलं शोभंला."

"मग काढून टाक की भित्तीवरचं," आत्ती म्हणाली.

"काढलं तर भित्तीवर डाग दिसतोय न्हवं."

तोवर मला कॉलेजात नोकरी लागली होती आणि बेळगावलगत पिरनवाडीत मी घर बांधले होते. मीच म्हटले, आपण स्वतः सीडी काढू. बेळगावातल्या एका चांगल्या स्टुडिओत दोन दिवस घेतले. काचेपलीकडच्या तंत्रज्ञाने नावाची जागा ऐकून हात वर केला. त्याला मी समजावले. नंतर हेडफोन लावून ऐकताना मला त्या मोकळ्या जागेत एक बारीक आवाज आला. दाराच्या फटीतून वारा यावा तशी शीळ. तो आत्तीचा श्वास होता. मला तो ऐकू आला, आणि तो सुंदर आहे असे वाटून मी गप्प राहिले. कवितेने माझ्या कानाला ही एक वाईट सवय लावली आहे.

सीडी मात्र चालली. लग्नघरी हळद संपली की आत्ती कापडी पिशवी उघडी. कुणीतरी थोरली बाई म्हणे, "पोरीच्या वटीत एक द्या बघू," आणि खण, नारळ, तांदूळ यांच्या सोबत ती चकती नवरीच्या ओटीत जाई. मग आत्या, माम्या, काक्या अशा चार-पाचजणी घेत. प्लॅस्टिकच्या वेष्टनावर हळदीची बोटे उमटत. आत्ती म्हणे, "ह्येच्यावरचं वाचायला न्हाय येत मला, पर बोटं मोजायला येत्यात."

आता मी जे सांगणार आहे ते मी केले.

दोन-तीन वर्षांत लग्नघरांतून विचारणा येऊ लागली, हे ॲपवर आहे का? माझ्या विद्यार्थिनीही विचारत. सीडी घ्यायला कुणाची ना नव्हती, पण ती लावायची कशात? माझ्याच नव्या गाडीत सीडीसाठी फट नव्हती. महिन्याला थोडे पैसे भरले की, किंवा तेही न भरता मधल्या जाहिराती सोसल्या की, जगातले सगळे संगीत एका बोटाखाली येते. त्यात आपल्या आत्तीचा आवाज नाही, याचे मला दुःख वाटू लागले. उन्हाळी सुट्टीत मी, गाणी ॲपवर चढवून देणाऱ्या एका मध्यस्थ संकेतस्थळावर खाते उघडले. तिच्या नावाने बँकेचे कागद जुळेनात म्हणून माझे खाते जोडले. तिला विचारायला निपाणीला गेले.

"म्हंजे गानं कुटं ऱ्हानार?"

"सगळीकडे राहणार आत्ती. पुण्यात, मुंबईत, दुबईत. ज्याला हवे त्याने ऐकावे."

"आन ठेवून घ्यायचं झालं तर?"

"ठेवून घ्यावे लागत नाही. हवे तेव्हा ऐकायचे."

"ठेवून घेत न्हाईत तर पैसं कशाचं देत्यात?"

"ऐकण्याचे."

"बघ बाई. तू शिकलेली हाईस."

चढवण्यापूर्वी एका ओळखीच्याने मला सांगितले की अर्ध्या मिनिटाच्या आत ऐकणारा पुढे सरकला तर ते ऐकणे मोजलेच जात नाही, त्याचे पैसे येत नाहीत. आणि गाण्यात शांतता आली की लोक सरकतात. आत्तीच्या गाण्यात पहिली मोकळी जागा विसाव्या सेकंदाच्या आसपास होती. मी संगणकावर गाणे उघडले. आवाज तिथे रेघांच्या रूपात दिसतो. डोंगरासारखे उंचवटे, आणि मधे सपाट ओळ. सपाट ओळीची निवड करायची आणि एक कळ दाबायची. नऊ गाण्यांतल्या सगळ्या जागा मी एका दुपारी काढून टाकल्या. सांधे इतके सफाईने जुळले की माझे मलाच कौतुक वाटले. हे सगळे मी तिच्या पैशांसाठी केले. तिला सांगितले नाही, कारण सांगण्यासारखे काही आहे असे मला वाटले नाही.

गाणी चालली. पहिल्या महिन्याचे आकडे पाहून मी आनंदाने फोन केला. "आत्ती, साडेतीनशे वेळा ऐकले गेले!"

"साडेतीनशे मानसं?"

"माणसे थोडी कमी असतील, पण ऐकले तेवढ्या वेळा."

"अगं बाई. एवढी मानसं येऊन गेली आन एकीनं तांब्याभर पानी मागितलं न्हाय व्हय?" ती हसली आणि हसता हसता खोकली.

त्या ऐकण्याचे जे पैसे झाले ते शंभर विड्यांच्या मजुरीइतकेही नव्हते, आणि तेही हातात येत नव्हते. एका ठरावीक रकमेपर्यंत साचल्याशिवाय ते काढता येत नाहीत, तोवर पडद्यावर दिसतात एवढेच. सीडी मात्र थांबली. लग्नघरी पिशवी उघडली की बायका प्रेमाने म्हणत, "हाय की आत्ती, फोनात हाय तुमचं समदं." मग बोलावणेही थांबले. सदलग्याच्या एका घरी, जिथे तिने दोन पिढ्यांची हळद गायली होती, तिसऱ्या पिढीच्या लग्नाला तिला पाहुणी म्हणून नेले. "तुमचा आवाज हाय न्हवं स्पीकरला, तुमी निवांत बसा. तुमास्नी कशाला तरास?" असे म्हणून तिला लांब, वाजंत्र्यांपाशी खुर्ची दिली, तिथे स्पीकरचा शब्दही ऐकू येत नव्हता. कुणीही वाईट वागले नाही. हेच मला पुढे फार दिवस समजावून घ्यावे लागले. उरलेल्या सीडींची दोन खोकी तिच्या पलंगाखाली होती, आणि त्यांना दर महिन्याला थोडी अधिक कसर लागत होती.

मी दरमहा तिला पैसे पाठवू लागले आणि गाण्याचे आले म्हणून सांगू लागले. वर्षभर ती काही बोलली नाही. मग एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "बाई, गान्याचा पगार दर म्हैन्याला येवढाच कसा गं येतोय? इड्यांचा बी कवा सारखा येत न्हाय. त्यात बी छाट निघती."

छाट म्हणजे कारखान्यात तपासणीच्या वेळी बाजूला काढलेल्या विड्या, ज्यांची मजुरी मिळत नाही. मी भाजीत मान घातली.

"तुज्या घरचं हप्तं हाईत, पोरं हाईत," ती म्हणाली. "मला गान्याचं असलं तर दे. न्हाय तर नगो."

पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा दार उघडण्याआधीच मला कळले. पाल्याचा वास उंबऱ्याबाहेर येऊन उभा होता.

मी रडले, भांडले, वडिलांना फोन लावला. तिने सूप मांडीवरून खाली ठेवले नाही. "बोटं इसरली न्हाईत गं," एवढेच म्हणाली, आणि त्यात एक लाजरा अभिमान होता. समोरच्या म्हातारीच्या जागी आता तिची सून बसत होती. तिने तिकडून टोमणा मारला, "फोनातली बाई आमच्या पंगतीला बसली बघा!" आणि आत्तीने तिकडे कात्री उगारून दाखवली. त्या दोघी हसल्या. कच्, कच्, आणि ती थांबण्याची जागा आता पूर्वीपेक्षा लांब झाली होती. पान फिरवायला वेळ लागत नव्हता. श्वास यायला लागत होता.

तीन वर्षे गेली. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस मी तिला उचलून पिरनवाडीला आणले. तेव्हा ती खाटेवरून न्हाणीपर्यंत दोनदा टेके. तिच्या उशाशी एक यंत्र होते, त्याची नळी नाकाला. ते यंत्र दिवसभर पुटपुटे. गाण्याचे साचलेले पैसे एव्हाना काढण्याइतके झाले होते. ते काढून मी त्यात तिच्या दीड महिन्याच्या औषधांचे भागवले. मी हिशेब मुद्दाम केला नव्हता, औषधवाल्याच्या पावतीवरून तो आपोआप झाला.

आत्ती आता नाही. मध्यस्थ संकेतस्थळाची पत्रे मात्र दर महिन्याला येतात. अभिनंदन, या महिन्यात तुम्हाला इतके नवे श्रोते मिळाले. पण मला सांगायचे आहे ते तिच्या शेवटच्या महिन्यातले, माझ्या थोरल्या भावाच्या मुलीच्या हळदीचे.

लग्न बेळगावातच होते आणि हळद माझ्या घरच्या अंगणात. नवरी पाटावर बसली होती. माझ्या वहिनीने फोन स्पीकरला जोडला, कारण घरचीच गाणी असताना दुसरी कशाला लावायची? आत्तीला आम्ही खुर्चीसकट बाहेर आणून नवरीच्या उजव्या हाताला बसवले होते. यंत्र ओसरीवर, लांब नळी दारातून बाहेर. तिने धुवट लुगडे नेसले होते, केसांना तेल होते. तिला बरे वाटत होते. हळदीचा कच्चा, मातकट वास सगळ्या अंगणात भरला होता आणि त्यात, मी शपथेवर सांगेन, तंबाखूचा कण नव्हता.

गाणे सुरू झाले. उतरंडीच्या तळी गं, हळद ठेविली जपून. स्पीकरमधला तो वीस वर्षांनी तरुण वाटणारा आवाज ऐकून बायका आत्तीकडे पाहून हसल्या. आत्तीची बोटे खुर्चीच्या हातावर हलत होती. आज काढिली कुणासाठी गं, आज काढिली कुणासाठी. सगळ्या बायकांनी श्वास घेतला. तोंडे उघडली.

आणि गाणे पुढे निघून गेले.

उघडी तोंडे तशीच राहिली. दोघी-तिघींनी नावाचे पहिले अक्षर उच्चारले होते, ते दुसऱ्या कडव्याखाली चिरडले. "अगं, लवकर झालं वाटतं," वहिनी म्हणाली आणि तिने पुन्हा पहिल्यापासून लावले. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी सगळ्या दबा धरून बसल्या, धावती बस पकडायची असावी तशा, आणि तिसऱ्या वेळीही बस थांबली नाही. कुणीतरी हसले. मग कुणी हसेना. खानापूरहून आलेली वहिनीची म्हातारी मावशी स्पष्ट म्हणाली, "ह्यात नाव न्हाईच गं. बिननावाची हळद लावू नगासा पोरीला."

हळदीची वाटी घेतलेला वहिनीचा हात हवेत थांबला. नवरी खाली मान घालून पाटावर बसून होती. गाणे तिसरे कडवे गात होते, सफाईने, सांधा कुठे दिसत नव्हता.

आत्तीने माझ्याकडे पाहिले. तिने स्वतःचे गाणे फोनवर कधीच ऐकले नव्हते. तिच्याकडचा फोन साधा होता, आणि इतर लग्नघरांत तक्रार झाली असली तरी ती आमच्यापर्यंत पोचली नव्हती.

"बंद कर त्ये," ती म्हणाली. मी केले. "कुनी कापलं?"

"मी, आत्ती."

"का गं?"

"थांबले की माणसे निघून जातात म्हणून. पैसे मिळत नाहीत."

तिने दोन श्वास घेतले. छातीतून शीळ आली. तीच, स्टुडिओत ऐकलेली, आता कुणालाही ऐकू येईल अशी. "निघून जानाऱ्यांसाटी व्हय," ती म्हणाली. त्यात राग असता तर मला सोपे गेले असते.

मग तिने हात पुढे केला. मावशीने हळदीची दुसरी वाटी तिच्या मांडीवर ठेवली. आत्तीने बोटांनी वाटीच्या काठावर दोनदा वाजवले आणि तिसऱ्या वेळी बोटे हवेत धरली. "उतरंडीच्या," असे ती म्हणाली. गायली म्हणता येणार नाही. "उतरंडीच्या तळी" आणि तिथे श्वास संपला. ती थांबली, यंत्राने पुटपुटत तिला थोडी हवा दिली, ती पुन्हा "हळद" पर्यंत आली. तिच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या. मी तिच्या खांद्याला हात लावला, पुरे म्हटले. तिने तो झटकला.

तिची बोटे पुन्हा काठावर आली. दोनदा वाजली. तिसऱ्या वेळी हवेत थांबली आणि तशीच थांबून राहिली, पिवळी झालेली. ती नवरीकडे पाहत नव्हती, बायकांकडेही नाही. माझ्याकडे पाहत होती. मी आयुष्यभर गाण्यांविषयी बोलत आले होते, त्यांच्या मात्रा मोजत आले होते, आणि चारचौघांत एक ओळही कधी गायले नव्हते; हे तिच्याइतके कुणाला ठाऊक नव्हते.

"म्हन."